सरांचा फोन

"जोशी, मी हरणार हे तुम्ही आधीच ठरवलंत का?" सरांनी विचारलं.

मी त्यांचा पीए. सर पहिल्यांदाच खासदार झालेले, त्याआधी बदलापुरात शिक्षक. लोकसभा लवकरच विसर्जित होणार, अशी कुजबुज होती. त्या वर्षीच्या टेलिफोन कोट्यातली एकच शिफारस उरली होती. तेव्हा फोनसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. खासदारानं पत्र दिलं की काही जणांना रांग सोडून फोन मिळे. तोच कोटा.

मी एवढंच म्हटलं होतं, "सर, घरचा फोन सरकारी आहे. पडलो तर तो जाईल. हे पत्र वहिनींच्या नावानं करू."

समोर उल्हासनगरच्या देवीबाई बसल्या होत्या. पापड लाटून घर चालवणाऱ्या. त्यांची तिसरी खेप.

"साईं, बेटी कानपूर में है. चिठ्ठी में सिर्फ 'ठीक हूं' लिखती है. आवाज सुनूंगी तो पता चलेगा."

सरांनी कोरं लेटरहेड माझ्यापुढे सरकवलं. मग म्हणाले, "टाइप करा. बाईंच्या नावानं."

निवडणुकीत आम्ही पडलो. खासदार गेला की पीएची नोकरीही जाते. मी आनंदनगरच्या एका कंपनीत टाइपिस्ट म्हणून लागलो. लाइनमन येऊन सरांचा फोन घेऊन गेला. सरांनी साध्या रांगेत नंबर लावला.

रविवारी मी अंबरनाथहून त्यांच्याकडे जायचो. सुरुवातीला ओटीवर माणसं असत. मग दोन-तीन. मग मीच. सर शेजारच्या घरात फोनची बेल वाजली तरी बोलता बोलता थांबायचे.

चार वर्षांनी नंबर लागला आणि सरांच्या घरी फोन बसला. पुढच्या रविवारी वहिनी मला दारातच हळूच म्हणाल्या, "आठवडा झाला, खुर्ची सोडत नाहीत. एकदाही वाजला नाही हो."

सोमवारी मी कंपनीच्या कामानं शहाडला गेलो, तिथल्या पीसीओतून सरांचा नंबर फिरवला. पहिल्याच रिंगला उचलला.

"बोला! काय काम आहे?"

आवाज पूर्वीचा, खासदाराचा. काम काहीच नव्हतं. 'सहज केला' हे शब्द ओठांवरून परत फिरले.

"सर, रेशनकार्डावर आईचं नाव चुकलंय."

"अर्ज कुणाकडे दिलात? पोच घेतली का? लिहून घ्या..."

बूथबाहेर लोक ताटकळले होते. मी कागद काढला आणि सर सांगतील ते सगळं लिहून घेतलं.

माझ्या अनुभवाचं सांगतो: माजी खासदाराला नुसती खुशाली विचारू नये. एखादं काम घेऊन जावं. नसलं तर बनवावं.