एका इन्व्हर्टरची फाइल

माझे मोठेबाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, अर्जाशिवाय श्वास घेत नाहीत. अतिशयोक्ती वाटत असेल तर आमच्या नंदनवन वस्तीत त्यांच्या घरी या आणि पाणी मागून पाहा. पाणी मिळेल, पण त्याआधी ‘कोणत्या कारणास्तव’ हे शब्द त्यांच्या कपाळावर उमटलेले दिसतील. नवीन घरांच्या वायरिंगचे तपासणी अहवाल ज्या सरकारी कचेरीत येत, तिथे त्यांनी आयुष्यभर सह्या केल्या. निवृत्तीच्या दिवशी कचेरीने त्यांना हारतुरे देऊन सोडलं. त्यांनी कचेरीला सोडलं नाही. उचलून घरी आणली. घरातलं तेल संपल्याचं मोठीआई, म्हणजे त्यांची बायको, तोंडी सांगते तेव्हा त्यांना ऐकूच येत नाही. “लेखी दे,” म्हणतात. एकदा ती वैतागली आणि तिने कणकेच्या परातीत बोटाने ‘तेल’ असं लिहून परात त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावला, वाचलं आणि म्हणाले, “तारीख नाही.”

आता माझी पंचाईत बघा. मी पत्रकं लिहिते आणि चौकात उभी राहून वाटते. उघड्या डीपीवर, तुंबलेल्या नाल्यांवर, फुटपाथ गिळणाऱ्यांवर. ज्या बाबूंच्या जमातीविरुद्ध मी घसा कोरडा करते, तिचा मूळपुरुष माझ्याच घराशेजारी राहतो आणि संध्याकाळी माझी पत्रकं लाल शाईने तपासून परत पाठवतो. ‘मस्तवाल अधिकारी’ हे शब्द त्यांनी कधीच खोडले नाहीत. त्यांना काही वाटतच नाही. पण खाली ‘प्रत माहितीस्तव’ नसलं की समासात लाल फुली. एकदा मी सरळ विचारलं, “मोठेबाबा, एवढ्या अहवालांवर सह्या केल्या, त्यातली घरं किती पाहिली?” ते सुपारी कातरत म्हणाले, “घर कायले पाहाले लागते? कागद बोलते.” “आणि वायर?” “वायर मुकी रायते वं. म्हणून तं कागद लागते.” मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. त्यांना गेलं. वरून ताकही मागितलं, तेवढं मात्र तोंडी.

या माणसाने घरात वायरला हात लावायचं ठरवलं, त्याला कारण मोठीआई. तिला दमा आहे. सकाळ-संध्याकाळ तिला औषधाची वाफ देणारं मशीन लागतं आणि मशीनला लागते लाइन, म्हणजे वीज. तिचं माहेर रामटेकच्या पलीकडे, जिथे लाइन पाहुण्यासारखी येते आणि चहा व्हायच्या आत निघून जाते. धाकटी बहीण तिथे एकटी राहते. मोठीआई सकाळच्या एसटीने जायची आणि संध्याकाळच्या वाफेच्या आत परतायची. कितीतरी वर्षांत ती माहेरी राहिलेली नव्हती. “चार दिवस राहाले भेटलं पाहिजे बाप्पा,” एवढंच तिचं मागणं. एक बॅटरी, एक इन्व्हर्टर, पिशवीत मशीन, की प्रश्न मिटला. मी तसं सांगितलंही. पण सोपा उपाय म्हणजे कचेरीचा अपमान. मोठेबाबांनी पत्र्याची एक जुनी, दोन चाकांची ओढगाडी आणली. जीपच्या मागे जोडायची. पूर्वी ती कुणाची तरी फिरती चहाटपरी होती आणि ऊन तापलं की आतून अजून आल्याचा वास येई. तिच्यात पलंग बसवला, पंखा बसवला, खिडकीला जाळी लावली. म्हणजे मोठीआई तिच्यातच राहील, बहिणीच्या दारात. आणि हे सगळं काम होईपर्यंत ती गाडी उभी केली माझ्या घरासमोरच्या फुटपाथवर. मी त्याच महिन्यात ‘फुटपाथ कुणाच्या बापाचा?’ हे पत्रक वाटत होते. लोक पत्रक घ्यायचे, गाडीकडे पाहायचे आणि विचारायचे, “बापाचा नाही, पण मोठ्याबाबाचा हाय का?”

गाडीची फाइल उघडली गेली. अर्जदार मोठीआई, विषय, ‘ओढगाडीत वीज मिळणेबाबत’. अर्ज मोठेबाबांनीच लिहिला, मोठीआईकडून सही घेतली, मग टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसले आणि तोच अर्ज त्रुटी काढून परत केला. दुसऱ्या फेरीत मंजूर झाला. इन्व्हर्टर जरीपटक्याच्या बाजारातून आला. गल्लीतला मिस्त्री बिचारा आपणहून आला होता. म्हणाला, “काका, अर्ध्या तासाचं काम हाय, मी करून देतो.” मोठेबाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने खुर्ची मागितली. “अर्ध्या तासात काम होते, नोंद होत नाही,” म्हणाले. मग स्वतः पक्कड घेऊन भिडले. प्रत्येक वायरीला चिठ्ठी, प्रत्येक चिठ्ठीवर क्रमांक. पलंगाखाली बॅटरी, तिच्या बाजूला इन्व्हर्टर, भिंतीवर बटणांचा बोर्ड आणि बोर्डावर डकवलेली नियमावली. तिच्यातला चौथा नियम मला अजून पाठ आहे: ‘गाडीतील प्रत्येक उपकरणाचा प्लग गाडीतीलच बोर्डात लावलेला असावा. मोकळा प्लग आढळल्यास जबाबदारी निश्चित करण्यात येईल.’

मोकळ्या प्लगचा त्यांना राग होता. मोकळा प्लग म्हणजे त्यांच्या लेखी टेबल सोडून फिरणारा कारकून. आणि घात तिथेच झाला. इन्व्हर्टर एका बाजूने वीज देतो आणि दुसऱ्या बाजूने, स्वतःच्या प्लगमधून, पितो. तो पिण्याचा प्लग घराच्या लाइनवर लावायचा असतो, म्हणजे बॅटरी भरते. मोठेबाबांनी देण्याची वायर बोर्डाला जोडली आणि पिण्याचा प्लग, नियम चार अन्वये, त्याच बोर्डात खोचला. एवढा काटेकोर गाढवपणा करायला आयुष्यभराची नोकरी लागते. साध्या माणसाला तो जमलाच नसता.

रविवारी दुपारी उद्घाटन. नारळ फुटला, मोठीआई नवं पातळ नेसून पलंगावर बसली आणि वाफेचा मास्क तोंडाला लावला. मोठेबाबांनी बटण दाबलं. टक. दिवा लागला. टक. दिवा गेला. टक. लागला. पंख्याने अर्धी गिरकी घेतली आणि विचार बदलला. मशीन घर्र करायचं, थांबायचं, घर्र करायचं, थांबायचं, आणि मोठीआई त्या तालावर अर्धे-अर्धे श्वास घेऊ लागली.

“काहून लपलपून राहिलं हे?” तिने मास्क काढून विचारलं.

“चार्जिंग होऊन राहिली,” मोठेबाबा ठामपणे म्हणाले.

“कुठून होऊन राहिली? घराची वायर तर जोडलीच नाही!” मी ओरडले. “तिचा दम कोंडेल, बंद करा ते!”

“तू काहून बोंबलून राहिली वं पोट्टे? तक्रार असन तं लेखी दे.”

आणि मी, जिने मोठमोठ्या कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर ठिय्या दिलेला आहे, ती घरी गेले आणि खरोखर तक्रार लिहिली. दोन दिवसांनी भिंतीवरून उत्तर आलं: ‘आपल्या अर्जात बॅटरीचा अनुक्रमांक नमूद नसल्याने अर्ज विचारात घेता येत नाही.’ तोवर बॅटरी तीनदा झोपली, तीनदा बाहेरून भरून आणून उठवली. गावाहून बहिणीचा रोज फोन: “अवं कधी येतं? पलंगाले जागा झाडून ठेवली म्या.” मोठीआई “फाइल चालू हाय” म्हणायची आणि फोन ठेवून स्वयंपाकघरात जायची. तिथे ती रडायची नाही. भांडी जरा जोरात ठेवायची.

शेवटी निदान तिनेच केलं. एका सकाळी चहा घेऊन गाडीत गेली, तर आत टक-टक चालूच. पलंगाखाली वाकून तिने बोटाने एक वायर धरली आणि ती इन्व्हर्टरपासून बोर्डापर्यंत आली. दुसरी धरली, ती बोर्डापासून निघून पुन्हा इन्व्हर्टरपाशीच गेली. ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

“अवो, हे तं आपल्याच ताटातलं उचलून आपल्याच ताटात वाढून राहिलं,” ती म्हणाली. “असं पोट भरते का कोणाचं?”

मोठेबाबा वाकले. दोन्ही वायरींवरून बोट फिरवलं. मग हळूच बोर्डातला प्लग उपसला. टक-टक थांबली. गाडीत इतकी शांतता झाली की रस्त्यावरच्या भाजीवाल्याची हाक आत ऐकू आली. त्यांनी ही गोष्ट फाइलमध्ये नोंदवली नाही. माझ्या माहितीत पहिल्यांदाच. चपला घातल्या आणि स्वतः मिस्त्रीच्या दारात गेले.

मिस्त्रीने पिण्याचा प्लग बाहेर काढून घराच्या लाइनसाठी ठेवला. गाडीला एका वेळी एक तर बाहेरची लाइन मिळेल नाहीतर इन्व्हर्टरची, दोन्ही कधीच एकत्र नाही, असा खटका बसवला. बॅटरीजवळ फ्यूज टाकला, तिला पेटीत बसवून हवा जायला जाळी केली. “अर्ध्या तासाचं काम होतं नं?” मोठेबाबांनी घड्याळ दाखवलं. “अर्ध्या तासाचंच होतं काका,” तो घाम पुसत म्हणाला. “एक तास तुमच्या चिठ्ठ्या सोडवाले लागला.”

मग मोठेबाबा एक कागद घेऊन माझ्याकडे आले. तोच तपासणी अहवाल, कचेरीतला, कोरा. कुठून कसा आणला ते मी विचारलं नाही. सगळे रकाने भरलेले. फक्त ‘प्रत्यक्ष पाहणी केली’ यापुढची जागा रिकामी.

“तू पाय, आन तू सही कर,” म्हणाले.

“मी? सही तर तुमची चालते. आयुष्यभर चालली.”

मला टोचायचं होतं, आणि टोचलं. ते दाराची चौकट धरून उभे राहिले. “माही सही न पाहता केलेली रायते वं,” ते म्हणाले. “हिच्या मशिनीले तशी नाही चालत. मी पायलं तं मले कागदच दिसन. तुले कोणाची भीड नाही, तू पाय.”

माझ्याजवळ या क्षणासाठी कितीतरी पत्रकं भरतील एवढी वाक्यं तयार होती. ती तिथेच टाकून मी टॉर्च घेतला आणि गाडीत शिरून पलंगाखाली आडवी झाले. एकेक वायर ओढून पाहिली, एकेक पेच फिरवून पाहिला, खटका दहादा खालीवर केला. मग मोठीआईला बसवलं आणि मशीन लावलं. घरघर सुरू झाली ती औषध संपेपर्यंत थांबली नाही. मोठेबाबा तेवढा वेळ भर उन्हात, गाडीकडे पाठ करून फुटपाथवर उभे होते. मी सही केली. मोठीआई म्हणाली, “तारीख टाक वं, नाहीतं कागद परत येईन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांना घेऊन निघालेल्या भाड्याच्या जीपच्या मागे डुलत गाडी गेली. फुटपाथ मोकळा झाला. पत्रकात मागितला होता अगदी तसा. मध्यभागी टायरांचे दोन डाग आणि फुटलेल्या नारळाची एक करवंटी. दोन दिवसांत तिथे कुणाची तरी मोटार लागली. मी तिच्या काचेवर पत्रक खोचायला गेले आणि तसंच घेऊन परत आले.

चौथ्या दिवशी फोन आला. मोठेबाबा ‘हॅलो’ म्हणत नाहीत. “लाइन सकाळपासून गेलेली हाय,” म्हणाले. मागे मशीनची सलग घरघर आणि दोन बहिणींपैकी एकीचं, मास्क नसलेलीचं, हसणं. चार दिवसांचे आठ करायचं चाललंय म्हणे. मुदतवाढीचा अर्ज आला आहे.  

“ते बाकीचे अहवाल वं,” ते अगदी हळू म्हणाले. “ती घरं. त्यायच्या वायरी बऱ्या असतीन नं?”

ते सुपारी कातरत होते तेव्हा हाच प्रश्न मी त्यांना सरळ विचारला होता. तेव्हा त्यांच्याकडे उत्तर होतं. मी म्हटलं, “मोठेबाबा, आधी तिचं औषध संपू द्या.”

“हौ,” ते म्हणाले. आणि आम्ही दोघं आपापल्या टोकाला फोन धरून ती घरघर ऐकत राहिलो.