माझा मोतीबिंदू

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. देवालाही नाही. त्याला म्हणे सगळं आधीच कळतं, मग मी कशाला तोंड उघडू? पण तुम्हाला सांगावंसं वाटतंय. का, ते मात्र विचारू नका. माझं मलाच धड कळत नाही.

अण्णा माझा थोरला भाऊ. पावसला त्याची हापूसची बाग. मी रत्नागिरीत, हे गेल्यापासून एकटीच. मुलगी एक, मीनल, ती लांज्याला दिलेली. माणसं एवढीच. गोष्टही एवढीशीच, आणि तरी बघा, कुठून धरायची ते सापडत नाही.

मीनलसाठी स्थळं बघत होतो तेव्हाची गोष्ट. एका कामाला कोल्हापूरला गेले होते, तेव्हाच चष्म्याचा नंबर बदलायला म्हणून डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, डोळ्यातला दाब जास्त वाटतो, स्कॅन करून बघू. हल्ली काय काय निघालंय! हनुवटी टेकवायची, समोरच्या खुणेकडे बघायचं, ना टोचणं ना काही, आणि डोळ्यामागच्या नसेचं रंगीत चित्र पडद्यावर हजर. मग दुसऱ्या यंत्रात डोकं घालून ठिपका चमकला की बटण दाबायचं. मी आपली दाबतेय, मनात म्हणतेय, पास झाले. कडेचे कितीतरी ठिपके मला दिसलेच नव्हते.

काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, वेळेत सापडलाय. थेंब घाला, लेझर करू, आहे ती नजर टिकेल. गेलेली मात्र परत येत नाही. आणि आणखी म्हणाले — बाकी सगळं धुरकट झालंय, पण हे लख्ख आठवतं — सख्ख्या भावाबहिणींना आणि मुलांना तपासून घ्यायला सांगा, हा घराण्यात असतो. मी हो म्हटलं. चांगली मान हलवून म्हटलं.

आणि त्याच आठवड्यात लांज्याची माणसं मीनलला बघायला आली. अण्णा माझ्या शेजारीच बसलेला. होणाऱ्या विहीणबाईंनी सहज विचारलं, घरात कुणाला काही आजारबिजार? "छे हो," मी म्हटलं, "मला जरासा मोतीबिंदू निघालाय, तो काय, वयाचाच." जीभ कशी वळली, कोण जाणे. भीती होती? की लाज? मुलीसाठी बोलले असं म्हटलं की बरं वाटतं. पण खरं बोलले असते तर स्थळ मोडलंच असतं का? कदाचित त्यांनी पुढे काही विचारलंही नसतं. इथेच माझा सगळा गुंता होतो.

लग्न झालं. मग तरी सांगायचं! सांगते, सांगते करत राहिले. लेझर करून आले, तेही मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणून खपवलं. काळा चष्मासुद्धा लावला, मेलीने! अण्णा शहाळी घेऊन बघायला आला होता. थेंबांची बाटली फ्रिजमध्ये खोबऱ्याच्या डब्यामागे. कुणी घरात असलं की न्हाणीघरात जाऊन कडी लावायची आणि घालायचे.

मग अण्णाचं सुरू झालं. वहिनी म्हणायची, हल्ली हे दाराच्या चौकटीला खांदा आपटतात, झेल्याच्या जाळीकाठीने आंबे उतरवताना बाजूचा अख्खा घोस तसाच राहतो. अण्णा हसायचा. "मोतीबिंदूच गो, बायोसारखा. आंबा कच्चा उतरवायचा नि हा पिकल्यावर!" बायो म्हणजे मी. मीपण हसले. हो, हसले.

आणि आता ते — जे सांगायला इतकी फिरतेय. पावसला देवळात डोळ्यांचं शिबिर होतं. मोबाईलला कॅमेरा जोडून एक मुलगी डोळ्याच्या आतला फोटो काढायची आणि कुणाला डॉक्टरकडे पाठवायचं ते संगणकच सांगायचा. घरापासून दोन पावलांवर. मी तेव्हा तिथेच राहायला गेलेले. वहिनी अण्णाच्या मागे लागली, चला तर खरं. तो म्हणाला, "मला काय झालंय ते ठाऊक आहे. बायोचं झालं ना बरं?" आणि दोघांनी माझ्याकडे बघितलं. एक शब्द पुरला असता. मी म्हटलं, "राहू दे वहिनी, ऐन हंगामात कुठे त्याला नाचवतेस?"

असं मी म्हटलं. गप्प बसले असते तरी तो कदाचित गेला असता. मी त्याला अडवलं. का? शिबिरात त्याचा सापडला असता तर माझा उघडा पडला असता, म्हणून? की तेव्हा खरंच मनात काही नव्हतं? कितीदा आठवून बघितलं, दर वेळी वेगळंच आठवतं.

पुढच्या हंगामाआधी भर दुपारी त्याने स्कूटर रस्त्याकडेच्या जांभ्या दगडाच्या गडग्यावर घातली. हाडं शाबूत राहिली. वहिनीने रत्नागिरीला आणला, मीही गेले. तीच हनुवटी, तेच बटण. दाराबाहेरून मला बटणाचा आवाज ऐकू येत होता, आणि मध्ये बराच वेळ काहीच नाही. उजवा डोळा जवळजवळ गेलेला. डावा राखू म्हणाले. डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला काचबिंदू? "नाही हो," अण्णा म्हणाला. "ही माझी बहीण. हिला मोतीबिंदू होता तेवढा." मी पर्समध्ये रुमाल शोधत होते.

आता त्याचे थेंब वहिनी घालते. मी घालते त्याच कंपनीचे, त्याच झाकणाचे.

परवा मीनलचा फोन आला. मामाला निघाला म्हणून ती आपणहून तपासून आली होती, डोळे अगदी छान आहेत म्हणे. मी देवापुढे साखर ठेवली. मग म्हणाली, "आई, सख्ख्या भावाबहिणींनी तपासायलाच हवं म्हणतात. तूपण एकदा दाखवून घे गं."

"दाखवते हो," मी म्हटलं.