जनूकाकांच्या पोटरीतल्या सुया

आमचे जनूकाका धरमतरच्या मिठागरात राबून म्हातारे झाले. बिडीपायी पायाच्या रक्तवाहिन्या आखडल्या, अंगठा काळा पडू लागला. मुंबईच्या एका इस्पितळात, नव्या रक्तवाहिन्या तयार व्हाव्यात म्हणून पोटरीत जनुकांचं इंजेक्शन देऊन बघत होते. काका वर्षभर पेणहून एसटीने गेले. तुलनेसाठी निम्म्या लोकांना औषध मिळणार नाही, हे आधीच सांगितलेलं. पण काकांना वाटे, ते दुसऱ्यांचं. "ठणका कमी हाय," म्हणत आमच्या रामवाडीभर मिरवायचे.

काल निकाल कळला. काकांना औषध नव्हतंच, नुसतं मिठाचं पाणी टोचलं होतं.

"मिठाचं पानी?" काका डॉक्टरीणबाईंवर कडाडले. "जल्म त्यात गेला माझा! तेच टोचून घ्यायला मी पेणवरनं येत व्हतो व्हय?"