किल्ल्यातल्या पन्हळी
खजुराच्या काकवीची बाटली उघडली की मला समुद्राकाठचा तो किल्ला आणि आमच्या मंडळाचे दुर्गतज्ज्ञ आठवतात. पुण्याचे हे बँकवाले साहेब एका शुक्रवारी आखातातल्या गुदैबिया वस्तीत राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींना किल्ला दाखवायला घेऊन गेले. सपाट जमिनीवरचे बुरूज बघून त्यांनी नाक मुरडलं, "चढच नाही, याला किल्ला म्हणायचं?" पण आत एका बुटक्या खोलीत, फरशीवर ओळीनं कोरलेल्या पन्हळी दिसल्या आणि त्यांना कंठ फुटला. "इथं कैद्यांची मुंडकी उडवत. रक्त या पन्हळींतून वाहायचं!" आम्ही माना खाली घातल्या. कुणीतरी 'हर हर महादेव'ची आरोळीही ठोकली. वसईच्या नर्सबाई मात्र सरळ दारातल्या रखवालदाराकडे गेल्या. तो हसत सुटला. "खून नहीं मॅडम, खजूर! लडाई खलास, फिर लोग इधर रहते थे. बोरी के ऊपर बोरी रखते थे, नीचे रस आता था." "अहो, म्हणजे काकवी! हे तर कोठीघर," बाई म्हणाल्या. "असेल, असेल," म्हणत साहेब पुढच्या बुरुजाकडे निघाले, तिथंही काहीतरी ठोकून द्यायला. अशा दीडशहाण्यांची मला आजही कीव येते. फक्त, कोठीघरातली ती आरोळी माझी होती.