काजूबी आणि कपाचा कान

त्या बुधवारी सकाळी आम्ही दोघांनी अंगणात सुकट वाळत घातली. मी टोपलीने ओतत होतो, माझी बायको पारू मागून हाताने पसरत येत होती. "ढीग कित्याक घालतास? माती टाकतास काय?" म्हणाली. मी म्हटलं, "तू तोंड बंद ठेवलंस तर लवकर सुकात." हसायची तेव्हा ती मान खाली घालायची, तशी घातली. मग हात धुतले, लुगडं बदललं आणि बाजारात गेली. दुपारी परत आली, ओटीवर टेकली, पाणी मागितलं. मी तांब्या घेऊन येईपर्यंत सगळं आटपलं होतं... पाच आठवडे झाले.

मी चौथी नापास माणूस. मला गोड लिहिता येत नाही, म्हणून सरळ लिहितो. आमची एकच मुलगी, शालन. सहा वर्षांपूर्वी तिने आमच्या जातीबाहेर लग्न केलं आणि नवऱ्याबरोबर बहारीनला गेली. या घरात परत पाय ठेवायचा नाही, असं मी तिला सांगितलं. पारू तेव्हा काहीच बोलली नाही. मला वाटलं, तिलाही माझं पटलं. आई गेल्याचं कळल्यावर शालनने फोन केला, येते म्हणाली. मी फोन हातात घेतला नाही. पुतण्याकरवी 'येऊ नको' सांगितलं. हे मी केलं. लपवायचं कशाला?

तेरावं होऊन दोन आठवडे झाल्यावर एका मंगळवारी सुषमा घरी आली. बाजारात शिंप्याच्या दुकानावर तिचं सायबर कॅफे आहे. मी म्हटलं, आमचा आणि त्या यंत्रांचा काय संबंध? ती म्हणाली, "काकी दर बुधवारी अकराक माझ्याकडे येयत. चार वर्षां." मी चार वर्षं समजत होतो, बायको सुकट विकायला जाते. सुकट ती वाटेतच एका दुकानात टाकायची आणि जिना चढून शालनशी बोलायला बसायची. तोंडाने नाही, अक्षरांनी.

"त्यात आधी एक नाव घेवचा लागता," सुषमा सांगत होती. "मी म्हटलंय, काकी, तुमचा नाव आणि जन्मसाल घालूया. तर म्हणतत कशा, नाव नको गो, नावान भांडणा होतत. खूण घाल. काजूबी."

ती तर पारूची रापणीतली खूण.

वाचणाऱ्यांसाठी सांगतो. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. ते ओढून झालं की मासळीचे सारखे वाटे वाळूत मांडतात. ज्याने ज्याने दोर ओढला तो आपली खूण देतो, कोणी शिंपली, कोणी खडा. त्या सगळ्या खुणा एका टोपलीत पडतात. मग ज्याचा त्यात वाटा नाही असा माणूस न बघता एकेक खूण एकेका वाट्यावर ठेवत जातो. ज्या वाट्यावर तुझी खूण पडली तो तुझा. आपली खूण आपण कधी ठेवायची नाही. पारू वेंगुर्ल्याची, तिची खूण माहेरची काजूबी. माझी, फुटलेल्या निळ्या कपाचा कान. शालन लहानपणी वाट्यांमधून धावायची, "बाबा, आपलो कान खंय पडलो?" विचारत.

दुनियेतल्या शिकलेल्या माणसांनी काढलेलं यंत्र, आणि पारूला ते एका बैठकीत कळलं होतं. नाव झाकून आपला वाटा ओळखायचा, एवढंच तर होतं. इंग्रजी अक्षरं तिने साठीत शिकली. सुषमा म्हणाली, 'जे'ला त्या गळ म्हणायच्या, 'के'ला कुर्लीचा आंगडा, म्हणजे खेकड्याची नांगी, 'यू'ला होडी. मी चाळीस वर्षं होडीत बसलो, मला त्यात कधी अक्षर दिसलं नाही.

"आणि पलीकडे? शालनचं नाव काय?" मी विचारलं.

"कपाचोकान. माका वाटला, गंमत आसा."

जिला मी घरातून काढलं, ती माझी खूण घेऊन बसली होती. सुषमा उठता उठता म्हणाली, "काका, शालन यंत्रावर अजून येता. दर बुधवारी अकराक. काकींचा नाव पेटता काय बघता, तासभर बसता आणि जाता."

ती गेल्यावर मी मिसळणाचा डबा काढला. रापणीला जाणं सुटल्यापासून दोन्ही खुणा पारूने त्यात ठेवल्या होत्या. काजूबी हळदीने पिवळी झाली होती. निळा कान तिच्याशेजारी होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुकट तशीच ठेवून मी बाजारात गेलो, जिना चढलो आणि पारूच्या खुर्चीवर बसलो. सुषमाने 'काजूबी' नावाने यंत्र उघडलं. थोड्या वेळाने पडद्यावर शालनचा एक शब्द आला. सुषमाने वाचला, "कोण?"

"काय लिवू, काका?"

पडद्याच्या डोक्यावर सुपारीएवढा कॅमेरा होता. मी खिशातून कपाचा कान काढला. हात कॅमेऱ्यापुढे केला, मग थांबलो आणि तो सुषमाच्या हातात दिला. म्हटलं, "आपली आपण ठेवूची नसता. तू ठेव."