जांभळ्या रंगाची बाटली

त्या प्रकरणाची आठवण झाली की आजही माझं मलाच हसू येतं, आणि थोडी लाजही वाटते.

पन्नासच्या दशकात मी धानोऱ्याच्या ठाण्याचा प्रमुख होतो. पावसाळ्यात नाले भरले की जिल्ह्याच्या गावाची, चांद्याची वाट बंद पडायची. अशाच दिवसांत सरकारी दवाखान्याचे डॉक्टर संतापून ठाण्यात आले. सूक्ष्मदर्शकाखाली नमुने पाहण्यासाठी लागणारी जांभळ्या रंगाच्या भुकटीची बाटली दवाखान्याच्या कपाटातून गेली होती. ते म्हणाले, "रंग दिल्याशिवाय जंतू दिसत नाहीत. तापाचे रोगी पडून आहेत, मी काय अंदाजानं औषध देऊ?"

कपाटाची किल्ली दोघांकडेच असे, डॉक्टरांकडे आणि म्हाताऱ्या चपराशाकडे. बाटली मिळाली नाही तर चपराशाला कामावरून काढणार, असं डॉक्टरांनी बजावलं. त्याच्या पेन्शनला एकच वर्ष उरलं होतं.

दवाखान्यासमोरच्या शिंप्यानं खबर दिली. चपराशानं भर पावसात कुणाला तरी बाटली दिली होती. घेणाऱ्याच्या डोक्यावर घोंगडी असल्यानं तोंड दिसलं नाही. मला वाटलं, काम झालं.

चपराशाला बोलावलं. डॉक्टरही येऊन बसले.

"बाटली कुणाला दिली?"

म्हातारा माझ्याकडे टकमक पाहत राहिला. "मले नका विचारू, साहेब."

दरडावलं, समजावलं, चहा पाजला. "नोकरी जाईल," म्हटलं.

"गेली तं जाऊ द्या जी."

हा पक्का मुरलेला चोर आहे, असं मी मनात ठरवून टाकलं. जबाब लिहून झाला. दप्तर सांभाळणारा हवालदार दोन दिवस बाजाराच्या बंदोबस्तावर होता, तो तेवढ्यात परतला. अंगठा घ्यायला मी सवयीनं त्याला शिक्क्याचं पॅड आणायला सांगितलं. अंगठा उमटला तो असा गडद जांभळा, की कागदातून आरपार गेला. आमचं पॅड तर महिनाभर कोरडं पडलेलं!

"हे ओलं कसं झालं?"

हवालदार खुशीत म्हणाला, "तुमीच म्हटलं ना साहेब, शिक्का उमटत नाई, काईतरी करा! चांद्याहून शाई येऊन नाई राह्यली. मंग दवाखान्यातून आणली. साहेबानं मांगतली म्हटलं, तं यानं लगेच देली. चिमूटभरच लागली, बाटली आपल्या दप्तराच्या कपाटात हाये."

काखेत कळसा अन् गावाला वळसा! मी म्हाताऱ्याला विचारलं, "अरे, मग सांगितलं काऊन नाई?"

तो खाली मान घालून म्हणाला, "तुमीच मांगवली, अन् तुमी सोताच विचारून राह्यले होते. मले वाटलं, डाक्टरसाहेबाले मालूम नाई पडू द्याचं. त्यायच्यासमोर तुमचं नाव कसं घेऊ?"

मी खुर्चीत अवघडून बसलो. डॉक्टर मात्र खो खो हसले. बाटली घेऊन ते तडक निघाले आणि त्याच दुपारी नमुने तपासले. चपराशाची मी सर्वांदेखत माफी मागितली. पुढच्या वर्षी तो पूर्ण पेन्शन घेऊन घरी गेला, याचं समाधान मला अजून आहे.

ठाण्यात माणूस गप्प बसला की आम्ही त्याला गुन्हेगार धरायचो. या म्हाताऱ्यानं ती खोड मोडली. नंतरच्या सगळ्या नोकरीत, कुणी तोंड उघडेना, की मी आवाज खाली आणून आधी एवढंच विचारायचो, "कोणाले सांभाळून राह्यला गा?"