जुन्या दुखण्याला तीन वर्षं थांबा

हिराचा फोन आला तेव्हा मी शहापूरच्या नाक्यावर पेंढ्याच्या ट्रकवर चढून दोर आवळत होतो. ती बोलली, "भाऊजी, हे गेले." आणि मी हसलो. खोटं कशाला बोलू, चांगला मोठ्यानं हसलो, खालचा ड्रायव्हर पण वर बघायला लागला. माझा साडू काशिनाथ, म्हणजे या हिराचा नवरा, असल्या मस्करीत पक्का होता. एकदा त्यानं 'तुझी म्हैस मेली' म्हणून मुरबाडवरून फोन केलेला. मी आसनगावपासून रडत घरी, आणि म्हैस गोठ्यात रवंथ करत माझ्याकडे बघतेय... तेव्हा मला वाटलं, यानं बायकोला पुढं करून परत डाव टाकला. मी बोललो, "त्याला सांग, म्हैस विकली, आता दुसरं काय तरी शोध." तिकडून हिरा परत तेच बोलली. मागं बायकांचं रडणं ऐकू येत होतं. मंग मी ट्रकवरून खाली कसा आलो ते त्या ड्रायव्हरला विचारा. उतरलो नाय, पडलो.

त्याला आता महिना होत आला. माझी शाळा तिसरीत सुटली, म्हणून हे मी बोलतोय आणि पुतणी लिहितेय. तिला सांगितलंय, सुधरत बसू नको.

काशिनाथ मुरबाडला एका पाइपाच्या कंपनीत फिटर. वीसेक वर्षं एकाच गेटातून आत, एकाच गेटातून बाहेर. आमच्या दोघांत तो शहाणा, आणि बाकी जे उरलं ते मी. मधी एकदा त्याच्या छातीत दुखलं, कल्याणला नेला, हृदयाच्या नळीत स्प्रिंग टाकली. खर्च सगळा कंपनीच्या विम्यानं केला. त्याच साली मला मूळव्याध. त्याला गार हवेची खोली आणि मला घरात कोमट पाण्याची परात. भेटायला गेलो तर मला बसता येईना, उभ्या उभ्याच त्याची सफरचंदं खाल्ली. तो कॉटवरून बोलला, "साडभाऊ, तू पण कुठंतरी नोकरी धर. खिशात कार्ड असलं ना, तर इकडं माणसाला अहो-जाहो करतात." मी बोललो, "मला कोण ठेवणार? मला तर बायकोनं पण नाइलाजानं ठेवलाय." नर्स हसली, तो पण हसला, आणि मंग टाका... नाय, टाका नव्हता, पण छाती धरून बसला. तेवढ्यासाठी मला बाहेर काढला.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी कंपनीनं त्याच्या खात्यातल्या माणसांना बोलावलं आणि सांगितलं, राजीनामे द्या, उद्यापासून कंत्राटदाराकडून कामावर या. मशीन तेच, पाना तोच, फक्त डोक्यावरचं हेल्मेट पिवळ्याचं निळं झालं. काशिनाथनं विचारलं, विम्याचं काय? साहेब बोलला, तो कंपनीच्या माणसाला असतो. तुमी आता कंपनीचे नाय. पण मुदतीत अर्ज केलात तर तोच विमा स्वतःच्या नावावर फिरवता येईल, मंग तुमचं जुनं दुखणं पण त्यात धरतील. मुदत गेली तर सगळं पहिल्यापासून. काशिनाथला ते बरोबर कळलं. म्हणून तर लगेच विमावाल्याला घरी बोलावलं.

आता तो विमावाला आला नेमका पितरपाखात. त्या दिवशी काशिनाथच्या बापाची तिथ. मी जेवायला होतो, म्हणजे मी असणारच. पानावर खीर-वडे, पडवीत विमावाला कागद मांडून बसलेला. काशिनाथनं पेन उघडलं, तर आतून त्याची आई आली. बोलली, "काय घेतोस रे?"

"विमा, आई."

"पाखात नवीन काय घेऊ नये. तुला काय सांगायला लागतं?"

"आई, हा नवीन नाय गो. जुनाच आहे. नुसतं नाव फिरवायचंय."

"कागद नवा का जुना?"

"कागद नवा."

"मंग?"

काशिनाथनं माझ्याकडं बघितलं. माझ्या तोंडात अख्खा वडा. मी मान हलवली, पण ती हो होती का नाय होती ते मला पण सांगता येणार नाय. विमावाल्यानं मात्र कागद गोळा करायला घेतले. बोलला, "आजी बोलतात ते बरोबर. चांगल्या कामाला चांगला दिवस. दसऱ्याला करू." काशिनाथ बोलला, "अहो पण मुदत?" तो बोलला, "मी आहे ना."

तो होता. तोच तर होता. मागाहून आमच्यातल्याच एकानं सांगितलं, जुना विमा फिरवला तर या लोकांना कमिशन काय सुटत नाय, नवा काढला की सुटतं. म्हातारीनं पितरांच्या भीतीनं थांबवलं, ते मला कळतं. तिचा नवरा त्या दिवशी कावळा होऊन छपरावर येणार होता. या माणसाच्या छपरावर कोण येणार होतं?

दसऱ्याला तो पेढे घेऊन आला. काशिनाथनं पाटावर पाने, पक्कड, हातोडी मांडलेली, त्यांच्या मधी विम्याचा कागद ठेवला, हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. विमावाल्यानं वाकून नमस्कार केला आणि श्रीखंड दोनदा मागून घेतलं. आता ते आठवलं की मला शिसारी येते. त्याचीच नाय, त्या श्रीखंडाची पण.

चैत्रात काशिनाथला परत दुखायला लागलं. कल्याणच्या त्याच हॉस्पिटलात नेला. डॉक्टर बोलले, ऑपरेशनच लागणार, आणि उशीर करू नका. मी कागद घेऊन काउंटरला गेलो. पोरगी चांगली होती बिचारी. कॉम्प्युटरात बघून बोलली, "काका, याच्यात वेटिंग आहे." मी बोललो, "थांबतो की, आमाला कुठं घाई." ती बोलली, "काका, जुन्या आजाराला तीन वर्षं." मी बाकड्यावर बसायला निघालेलो, तसाच उभा राहिलो. मागच्या रांगेतला एक जण हसला. मला पण हसू आलं, काय करणार, तोंडाला सवय.

"पण विमा त्याचा वीस वर्षांचा आहे," मी बोललो.

"तो संपला, काका. हा नवा, दसऱ्याचा."

सरकारी योजनेतून होतं, ते पण बघितलं. जिकडं होतं तिकडं नंबर लावला, ते बोलले फोन करू. काशिनाथ गोळ्या खात घरी, आणि बरं वाटलं की निळं हेल्मेट घालून कामावर. कोणीतरी त्याला सांगितलं, सत्तरी झाली की सरकार सगळ्यांना कार्ड देतं, नोकरी असो नसो. तो छप्पनचा. मला बोलला, "साडभाऊ, अजून चौदा वर्षं नुसतं जगून दाखवायचं. मंग फुकट." मी बोललो, "तोवर छातीला सांग, पितरपाख चालू आहे, नवीन काय करू नको." तो इतका हसला, की हिरा आतून ओरडत आली आणि मला परत बाहेर काढला. श्रावणात तो सकाळची पाळी करून आला, चहा मागितला आणि कप हातात यायच्या आधी गेला. नंबरचा फोन अजून आलेला नाय.

दहाव्याला नदीवर कंत्राटदाराची माणसं आली. नाक्यावर त्यांनी श्रद्धांजलीचा फलक लावला, त्यात काशिनाथ कोपऱ्यात टपालाच्या तिकिटाएवढा आणि कंत्राटदार हात जोडून मधी. विमावाला पण आला, पांढरे कपडे घालून. पिंडाला कावळा शिवायचा होता, सगळे वर बघत गप उभे होते, तेव्हा हा हिराच्या बाजूला सरकून हळूच बोलला, "वहिनी, आता तुमचं बघू. तुमाला तर काय जुनं दुखणं नाय, लगेच होईल." मला त्याच्या तोंडावर थुंकायचं होतं. आयुष्यभर तंबाखू खाऊन मी सगळ्या शहापूर तालुक्यात थुंकलोय, पण त्या दिवशी तोंडात थेंब नाय. हिरानं मात्र त्याला उत्तर दिलं. बोलली, "जुनं दुखणं आजच सुरू झालंय, दादा."

परवा तिच्याकडं गेलेलो. काशिनाथचा फोन तिनं बंद केलेला नाय. त्याची सवय होती, फोन खिडकीतल्या स्टीलच्या पेल्यात उभा ठेवायचा, म्हणजे रेंज पण येते आणि आवाज पण मोठा येतो. ती रोज तो चार्ज करते आणि परत पेल्यात ठेवते. मी चहा पीत होतो तेवढ्यात पेला खणखणला. हिरा बोलली, "भाऊजी, बघा, त्या नंबरचा असेल." अजून तिला वाटतं, नंबर आला तर निदान कळावं, किती उशिरा आला ते.

मेसेज होता, मी अक्षर अक्षर जुळवत वाचला. काशिनाथजी, अभिनंदन. तुमच्या विम्याला दसऱ्याला एक वर्ष पूर्ण होत आहे. वेळेत हप्ता भरा. जुन्या आजारासाठी आता फक्त दोन वर्षं बाकी.

"काय लिवलंय?" हिरानं विचारलं.

"मला कुठं वाचता येतं," मी बोललो.

तिनं फोन माझ्या हातातून घेतला, पदरानं पुसला आणि परत पेल्यात उभा केला, तोंड खिडकीकडं करून.